सुमार म्हणजे नेमके किती?

शब्दांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्याच्या टपालात 'धड चांगले नाही, धड वाईट नाही' असे सांगणाऱ्या शब्दांवर इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. हे शब्द दिसतात एका कुळातले, पण प्रत्येकाचे माहेर वेगळे आणि वागणेही वेगळे.

प्रश्न : आमच्या एकांकिकेवर परीक्षकांनी लेखी शेरा दिला : 'संहिता चांगली, अभिनय सुमार.' दिग्दर्शक म्हणतात, सुमार म्हणजे मध्यम, त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. कलाकार मात्र दुखावले आहेत. खरे कोणाचे? आणि सुमार, सुमारे, बेसुमार हे एकाच शब्दाचे प्रकार आहेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कलाकारांचे खरे. दिग्दर्शक सांगतात त्या अर्थाच्या वाटेनेच हा शब्द आला आहे, पण आता तो तिथे उरलेला नाही.

मूळ शब्द फारसीतला 'शुमार'. अर्थ मोजणी, गणती. इराणमध्ये आजही जनगणनेला 'सरशुमारी' म्हणतात, म्हणजे डोकी मोजणे. उर्दूत तिला 'मर्दुमशुमारी' म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांत 'खानेसुमारी' भेटते. खाना म्हणजे घर, म्हणून खानेसुमारी म्हणजे घरे आणि त्यांतली माणसे यांची गणती. इथे 'सुमार' शब्दाला चांगले-वाईट असा कसलाही रंग नाही, ती निव्वळ मोजदाद आहे.

पण सगळे काही एक-एक करून मोजता येत नाही. खळ्यावरची रास, जत्रेतली गर्दी, विहिरीतले पाणी हे नजरेनेच मोजायचे. म्हणून मोजणीचा अर्थ अंदाजाकडे सरकला, आणि 'सुमारे दोनशे माणसे', 'सहाच्या सुमारास' हे प्रयोग रुळले. जे अंदाजात येते त्याला कुठेतरी कड असते, म्हणून सुमार म्हणजे हद्द असाही अर्थ आला : 'खर्चाला काही सुमार आहे की नाही?' ती हद्द ओलांडली की 'बेसुमार'. यातला 'बे' हा बेफिकीर, बेहिशेबी यांतला फारसी उपसर्ग, म्हणजे 'विना'. आणि जे हद्दीच्या आत राहते, फार उंच जात नाही, ते 'सुमाराचे'. त्यातला प्रत्यय गळून 'सुमार' हे विशेषण उरले. मोजणी, अंदाज, हद्द, हद्दीतला, आणि शेवटी खालच्या दर्जाचा, असा हा प्रवास आहे.

शेवटची पायरी का घसरली, याचे उत्तर मराठीच्या कौतुकाच्या शब्दांत सापडते. आपण ज्याची थोरवी गातो ते मापात मावत नाही : अमाप, अपार, अलोट, अगणित, अफाट. मापात मावले की भाव उतरला. त्यामुळे 'मोजता येण्यासारखा' हीच मुळात थोडीशी उणी दाद ठरते. सुमार तिथून आणखी खाली गेला.

आज तो किती खाली आहे हे तपासायला स्वयंपाकघरात चला. 'मध्यम आकाराचे चार बटाटे घ्या' असे आपण म्हणतो. 'सुमार आकाराचे चार बटाटे घ्या' असे कोणी म्हणत नाही. 'मध्यम आचेवर ठेवा' म्हणतो, 'सुमार आचेवर' नाही. म्हणजे जिथे निव्वळ मधली जागा सांगायची असते तिथे सुमार बसतच नाही. तो बसतो तो कसब, बुद्धी आणि दर्जा यांच्यापाशी : सुमार अभिनय, सुमार लेखन, सुमार बुद्धी, सुमार कामगिरी. या सगळ्या ठिकाणी बोलणाऱ्याची नापसंती गृहीत असते. परीक्षकांना खरोखर मधला दर्जा सांगायचा असता तर 'अभिनय मध्यम' किंवा 'अभिनय ठीक' हे शब्द त्यांच्या हाताशी होते.

एक सावधगिरी. बेसुमार हा सुमारचा विरुद्धार्थी शब्द नव्हे. बेसुमार वृक्षतोड, पाण्याचा बेसुमार उपसा, बेसुमार भाडेवाढ, अशा नकोशा गोष्टींशीच त्याची सोयरीक आहे. 'बेसुमार अभिनय' लिहिले तर वाचणाऱ्याला अति अभिनय केला असेच वाटेल. सुमारमध्ये उणेपणा, बेसुमारमध्ये अतिरेक, आणि कौतुक दोन्हींत नाही. सुमारला उलट शब्द हवा असेल तर सरस, दर्जेदार, अव्वल यांतून निवडावा.

प्रश्न : मी हिंदीतून मराठीत अनुवाद करते. 'उनका शुमार बड़े शायरों में होता है' या वाक्यात शुमार मानाचा आहे. मग मराठीतच तो खाली का आला? आणि 'श'चा 'स' कसा झाला? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : हिंदी-उर्दूने 'गणतीत घेणे' हा अर्थ धरून ठेवला. ज्याची मोजणी थोरांच्या यादीत होते तो थोर. मराठीलाही ही कल्पना परकी नाही, पण त्यासाठी तिने दुसरे शब्द नेमले : 'त्यांची गणना थोर कवींत होते', 'ते मोठ्या शायरांपैकी मानले जातात'. बोलण्यात तर मोजणे म्हणजेच मान देणे : 'तो कोणाला मोजतच नाही.' ही जागा गणना आणि मोजणे यांनी व्यापली आणि सुमारकडे अंदाज, हद्द आणि दर्जा ही खाती राहिली. अनुवादात नेमके इथेच घसरायला होते. घाईत 'बड्या शायरांत त्यांचा सुमार होतो' असे उतरले तर वाक्य कळत नाही, आणि 'सुमार शायर' झाले तर अर्थच उलटतो. उलट दिशेनेही जपा. मराठीतल्या 'सुमार कादंबरी'साठी हिंदीत 'औसत दर्जे का' किंवा 'मामूली' चालेल, 'शुमार' मुळीच नाही.

उच्चाराचे म्हणाल तर फारसीतला 'श' मराठीत पुष्कळदा जसाच्या तसा राहिला आहे : शहर, शिकार, पोशाख. काही शब्दांत तो 'स' झाला : गश्तचे गस्त, शाबाशचे शाबास, तसे शुमारचे सुमार. 'सिफारिश'चे तर दोन्ही टोकांनी उलटापालट होऊन 'शिफारस' झाले. शब्द लोकांच्या तोंडातून आले की असे होते. म्हणून 'सुमार अशुद्ध, शुमार शुद्ध' असा आग्रह धरू नये. मराठीत सुमार हेच शुद्ध रूप आहे.

प्रश्न : वृत्तपत्रात मुद्रितशोधनाचे काम करतो. सुमारे, सुमारास, जवळजवळ, अंदाजे हे शब्द कोणी कसेही वापरतो. काही नियम सांगाल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : 'सुमारे' संख्येच्या आधी येतो : सुमारे ३०० घरे. 'सुमारास' वेळेच्या किंवा ठिकाणाच्या मागून, 'च्या' लावून येतो : दुपारी तीनच्या सुमारास, नाक्याच्या सुमारास. दोन्ही एका वाक्यात आले, 'सुमारे तीनच्या सुमारास', तर एक काढून टाका.

सुमारे ही दोन्ही बाजूंची ढील आहे. सुमारे १०० म्हणजे ९५ही असतील, १०५ही असतील. 'जवळजवळ' एकाच बाजूने, खालून, येतो. जवळजवळ १०० म्हणजे ९६, ९८. १०४ लोक असताना 'जवळजवळ १००' लिहिणे चूक आहे, तिथे 'शंभरावर'. 'अंदाजे' तेव्हा लिहावे जेव्हा कोणीतरी खरोखर अंदाज बांधलेला आहे : नुकसान अंदाजे ४० लाख रुपयांचे. आणि 'तब्बल' हा प्रमाण सांगणारा शब्दच नाही, तो आश्चर्य सांगतो. 'सुमारे तब्बल' हे त्यामुळे एकमेकांचे हात धरणारे शब्द आहेत.

हमखास दिसणाऱ्या चुका अशा. 'सुमारे ४७ जण' : नेमका आकडा आणि अंदाज एकत्र नांदत नाहीत, एकतर '४७ जण' लिहा किंवा 'सुमारे ५० जण'. 'सुमारे ४० ते ५०' : 'ते'मध्ये अंदाज आलाच. 'सुमारे किमान १००' : किमान म्हणजे खालची हद्द पक्की, सुमारे म्हणजे ती पक्की नाही.

जुन्या पुस्तकांत 'सुमारें' असे अनुस्वारासह दिसेल. ती छापण्यातली चूक नव्हे. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुस्वार काढले, त्याआधीचे ते लेखन आहे. जुना उतारा उद्धृत करताना अनुस्वार ठेवा, स्वतः लिहिताना नको.

प्रश्न : यथातथा, जेमतेम आणि कसेबसे यांत फरक काय? माझ्या मुलाच्या शिक्षकांनी एकाच प्रगतिपत्रकात तिन्ही वापरले आहेत! (एक वाचक, परभणी)

उत्तर : शिक्षकांनी तिन्ही आपापल्या जागी वापरले असतील तर त्यांचे मराठी चांगले आहे. १०० पैकी ३५ गुणांना उत्तीर्ण धरले आणि मुलाला ३५ किंवा ३६ मिळाले, तर तो जेमतेम उत्तीर्ण झाला : हा शब्द मापाचा आहे, काठाला टेकले इतकेच सांगतो. त्यासाठी त्याला धडपड करावी लागली, तर तो कसाबसा उत्तीर्ण झाला : हा शब्द सायासाचा. आणि गुण कितीही असोत, उत्तरांत जीव नसेल तर लेखन यथातथा : हा शब्द गुणवत्तेचा. जेमतेम पगार म्हणता येतो, यथातथा पगार कानाला खटकतो. यथातथा स्वयंपाक म्हणजे चवीला बेतास बात, जेमतेम स्वयंपाक म्हणजे सगळ्यांना पुरेल न पुरेल इतका.

गंमत अशी की यथातथा आणि जेमतेम ही एकच जोडी आहे, दोन वेगवेगळ्या काळांतली. संस्कृतात यथा-तथा म्हणजे जसे-तसे. बाराव्या शतकात गुजरातेत झालेल्या हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणात अपभ्रंश, म्हणजे प्राकृतानंतरच्या लोकभाषेची रूपे नोंदली आहेत, तिथे यथाच्या जागी 'जेम' आणि तथाच्या जागी 'तेम' येतो. शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होणे आपल्या ओळखीचे आहे : यात्राची जत्रा, योगीचा जोगी. गुजरातीत जेम आणि तेम आजही सुटे वापरतात, 'जेम... तेम...' म्हणजे 'जसे... तसे...'. मराठीत मात्र सुटे शब्द गेले आणि जोडी तेवढी राहिली, म्हणून ती आपल्याला अखंड एक शब्द वाटते. म्हणजे मराठीने एक जोडी थेट संस्कृतातून उचलली, दुसरी लोकांच्या तोंडून आली, आणि दोघींना वेगवेगळे काम दिले. भाषा काही वाया घालवत नाही याचे इतके सुंदर उदाहरण क्वचित मिळते.

आता ज्या चुकीने खरे नुकसान होते ती. 'यथातथ्य' हा निराळा शब्द आहे. त्याचा अर्थ जसे आहे अगदी तसे, तंतोतंत. ईशावास्य उपनिषदात 'याथातथ्यतः' येते ते याच अर्थाने. 'कादंबरीत गावाचे यथातथ्य चित्रण आहे' ही मोठी शाबासकी. त्यातला एक 'य' गळाला आणि 'यथातथा चित्रण' छापले गेले की तीच शाबासकी टपली होते. दोन्हींत 'यथा' आणि 'तथा'च आहेत, पण एकात 'जसे आहे तसेच' हा नेमकेपणा धरला, दुसऱ्यात 'जसे जमेल तसे' हा सैलपणा.

प्रश्न : गोव्यात 'बरें' म्हणजे चांगले. पुण्यात जेवण 'बरं होतं' म्हटले तर यजमानांचा चेहरा उतरतो. असे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : कारण तुमच्याकडे शब्दाने आपला मूळ मान राखला आणि घाटावर तो निम्मा खाली आला. बरा हा संस्कृत 'वर' शब्दाचा वंशज. वर म्हणजे निवडलेला, श्रेष्ठ, जो लग्नातल्या वरातही आहे. कोकणीत 'देव बरें करूं' म्हणून आभार मानतात, तिथे बरें म्हणजे पुरते भले. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला विठ्ठल 'बरवा' आहे, म्हणजे देखणा, सुंदर. बरवा याच घरातला.

मराठीत आज बराचे काम संदर्भ ठरवतो. आजारी माणूस 'बरा झाला' म्हणजे पूर्ण बरा, तिथे उणेपणा नाही. 'त्यापेक्षा हे बरे' म्हणजे अधिक चांगले. 'बराच वेळ', 'बरेच लोक' म्हणजे पुष्कळ. 'बरं का', 'बरं, मग?' यांत तर अर्थ जाऊन नुसता संवादाचा टेकू उरतो. पण एखाद्या कलाकृतीला, जेवणाला, स्थळाला 'बरे आहे' म्हटले की चांगल्याच्या एक पायरी खाली. पाहुण्यांकडे जेवल्यावर म्हणूनच 'छान झालं होतं' म्हणायचे, आणि पणजीत 'बरें जालें' म्हटले तरी पुरे.

प्रश्न : बेताचा आणि माफक यांत काय फरक? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : माफक हा अरबी 'मुवाफिक'पासून आला. त्याचा अर्थ जुळणारा, योग्य. म्हणून माफक दर, माफक अपेक्षा यांत समाधान आहे : हवे तितकेच, परवडेल असे. बेताचा यात उणीव आहे : बेताची परिस्थिती, बेताची उंची. पण त्याच शब्दाचे क्रियाविशेषण करा आणि सूर पालटतो. 'मीठ बेताने घाल', 'खर्च बेताने कर' ही शहाणपणाची सूचना आहे. मीठ बेताने घातले तर भाजी छान, भाजी बेताची झाली तर नाही.

प्रश्न : गणिताची शिक्षिका आहे. 'सरासरी विद्यार्थी', 'साधारण विद्यार्थी', 'सामान्य विद्यार्थी' हे एकच का? पालकांना सरासरी समजावताना फार अडचण येते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : एकच नव्हेत, आणि पालकांची अडचण शब्दांमुळेच होते.

'सरासरी' फारसीतून आली. सर म्हणजे डोके, टोक. सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून हिंदीत 'सरासर झूठ' म्हणजे आरपार खोटे. मराठीत सरासरी म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सगळे एकत्र धरून काढलेला आकडा. मूळ अर्थात 'सगळे मिळून' आहे, 'मधला' कुठेच नाही. आणि गणितही हेच सांगते.

वर्गात हे उदाहरण घ्या. एका दुकानात पाच जण काम करतात. महिन्याचा पगार : १२, १५, १५, १८ आणि ९० हजार रुपये. बेरीज १५०, भागिले ५, सरासरी ३० हजार. आता विचारा, किती जणांना सरासरीहून कमी मिळते? पाचपैकी चौघांना. आणि ३० हजार पगार असलेला तर दुकानात एकही माणूस नाही. याच आकड्यांत मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, १५ हजार आहे. बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा येणारा, तोही १५ हजार. 'मधला माणूस' हवा असेल तर मध्यक बघायचा. पालकांशी बोलताना 'सरासरी विद्यार्थी' म्हणणे टाळावे. सरासरी गुणांची असते, मुलाची नसते. 'वर्गाची सरासरी ५८, याला ५५' असे सांगितले की वाद उरत नाही.

'साधारण' संस्कृतातला आणि त्याचा मूळ अर्थ सामाईक. धर्मशास्त्रात 'साधारण धर्म' म्हणजे सर्व वर्णांना सारखीच लागू असलेली सत्य, अहिंसा यांसारखी कर्तव्ये. जे सगळ्यांत आहे ते विशेष नाही, म्हणून असाधारण म्हणजे दुसऱ्या कोणात नाही असा. 'सामान्य' समान या शब्दापासून. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात सात पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचे मूळ प्रकार, मानतात : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव. सगळ्या गायींत असलेले गायपण ते सामान्य. तिथे सामान्य हलके नाही, त्याच्याशिवाय गाईला गाय म्हणताच येणार नाही. व्याकरणातले सामान्यनाम आणि सामान्यरूप हे शब्दही याच, 'अनेकांत सारखे' या अर्थाजवळ उभे आहेत.

तेव्हा मुलाबद्दल लिहिताना 'सामान्य' किंवा 'साधारण' म्हणजे इतर बहुतेकांसारखा, एवढाच अर्थ घ्यावा. त्यात कमीपणा नाही. 'सुमार' मात्र मुलाच्या प्रगतिपत्रकात कधीही लिहू नये. काय जमत नाही ते लिहावे : 'अपूर्णांकांची बेरीज कच्ची.' असा शेरा वाचला की घरी काय करायचे ते आई-वडिलांना कळते.

प्रश्न : आमचे आजोबा पीक 'बारा आणे' आहे म्हणत. ही कुठली मोजणी? (एक वाचक, जत)

उत्तर : रुपयाचे १६ आणे, म्हणून भरघोस, पुरेपूर पीक ते सोळा आणे. बारा आणे म्हणजे पाऊण पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. महसूल खात्याची आणेवारी याच हिशेबाची. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत पैसेवारी लागली की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र धरले जाई, म्हणून गावोगाव या एका आकड्यावर जीव टांगलेला असे. गावकरी आजही दोन्ही शब्द वापरतात.

प्रश्न : इथे मुलांना शिकवताना प्रश्न पडला. इंग्रजीतला 'ॲव्हरेज' शब्द कुठून आला? आणि 'मिडिऑकर'? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : ॲव्हरेजचा उगम बंदरावर आहे. अरबीत 'अवार' म्हणजे मालाची नासाडी, खोट. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून तो इटालियनमध्ये 'अवारिया', फ्रेंचमध्ये 'आवारी' झाला आणि इंग्रजीत गेला. तिथे आधी त्याचा अर्थ मालावरचा कर, मग समुद्रात झालेल्या नुकसानाची सर्वांत वाटणी, आणि त्या वाटणीच्या हिशेबावरून अठराव्या शतकात गणितातली सरासरी.

वाटणी अशी होते. समजा जहाज ६० लाखांचे, एका व्यापाऱ्याचा माल ३० लाखांचा, दुसऱ्याचा १० लाखांचा. एकूण १०० लाख. वादळात जहाज वाचवायला दुसऱ्याचा सगळा माल समुद्रात टाकला. नुकसान १० लाख, म्हणजे एकूण मोलाच्या १० टक्के. ते सर्वांनी आपापल्या मोलाप्रमाणे सोसायचे : जहाजमालक ६ लाख, पहिला व्यापारी ३ लाख, आणि ज्याचा माल गेला त्याने स्वतःचा १ लाख. त्याला ९ लाख परत मिळतात. हा 'जनरल ॲव्हरेज'चा नियम आजही चालू आहे. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या 'एव्हर गिव्हन' जहाजाच्या मालकांनी नंतर तोच लावला, आणि जहाजावर ज्यांचा माल होता त्यांना आपला वाटा भरण्याची हमी द्यावी लागली.

मराठीत हा शब्द तिसऱ्याच गावी पोचला आहे. 'गाडी ॲव्हरेज किती देते?' म्हणजे लिटरमागे किलोमीटर किती.

मिडिऑकर लॅटिनमधला : 'मेडिउस' म्हणजे मधला, 'ओक्रिस' म्हणजे खडकाळ डोंगर. डोंगराच्या अर्ध्या चढावर असलेला. रोमन कवी होरेसने 'सोनेरी मध्यममार्ग' गौरवला तो याच शब्दाने. म्हणजे सुमारप्रमाणे हाही एके काळी निर्दोष होता आणि नंतर खाली उतरला.

प्रश्न : पंचांगात 'साधारण' नावाचे वर्ष असते असे ऐकले. ते वर्ष बेताचे जाते का? (एक वाचक, वाई)

उत्तर : साठ संवत्सरांच्या चक्रातले ते ४४वे. आपल्याकडच्या गणनेने शके १९५२ला, म्हणजे २०३०च्या गुढीपाडव्याला ते सुरू होईल. याआधी शके १८९२मध्ये, १९७०-७१ला, येऊन गेले. नावावरून वर्षाचा दर्जा ठरत नाही, आणि इथला साधारणही मुळात 'सामाईक' या अर्थाचाच शब्द आहे.